शेंदराचे अस्तर

चुना भिंतीचे पाप झाकतो. तकतकीत तेलरंग ते चव्हाट्यावर मांडतो. लाकडातली एखादी खाच बुजवायची राहिली, लोखंडावरचा गंजाचा एखादा पापुद्रा खरवडायचा राहिला, की वरचा चकचकीत थर वाळताच ती खाच आणि तो पापुद्रा उन्हात उभे राहून रंगाऱ्याची चहाडी करू लागतात. मार्तंडराव सबनिसांना तेलरंगाविषयी आदर होता तो यासाठीच. हयातभर महाविद्यालयात इतिहास शिकवताना त्यांनी ज्या समाजाचा अभ्यास केला होता, तो समाज पहिल्यापासून चुन्याचा भक्त होता.

निवृत्त होऊन मुलुंडला राहायला आल्यावर त्यांनी तिथल्या विद्यार्जन वाचनमंदिराचे ग्रंथपालपद विनावेतन पत्करले. नावातल्या ‘मंदिर’ या शब्दाला त्यांनी पहिल्याच सभेत हरकत घेतली होती. "अहो मार्तंडराव, म्हणायची रीत असते ती," असे अध्यक्ष मधुकरराव दिघे तेव्हा हसून म्हणाले होते. दिघे विमा कंपनीत अधिकारी होते आणि हसणे हा त्यांच्या कामाचाच भाग होता. "त्यात देव थोडाच बसवायचाय आपल्याला!" मार्तंडराव ते वाक्य विसरले नाहीत. इतिहासाच्या माणसाला विसरण्याची सवलत नसते.

वाचनमंदिराला पुढे व्हरांडा होता आणि व्हरांड्यात वर्तमानपत्रे होती. म्हणजेच पुरुष होते. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तिथे कोणी ना कोणी पाय पसरून, पेपर तोंडासमोर उभा धरून बसलेला असे आणि त्या पेपराच्या कडेवरून येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर ठेवीत असे. या पहाऱ्यातून वाट काढून पुस्तकांच्या कपाटापर्यंत पोचणारी स्त्री मुलुंडमध्ये अजून जन्माला यायची होती. बायकांची पुस्तके नवरे आणीत, दीर आणीत; आणि नवऱ्यांच्या व दिरांच्या समजुतीप्रमाणे पाकक्रिया, व्रतकथा आणि पतिव्रतांची चरित्रे यांपलीकडे बायकांना काही पचत नसे.

"मला पुस्तक नकोय, दार हवंय," असे मार्तंडरावांच्या पत्नी रुक्मिणीबाई एकदा म्हणाल्या होत्या. "पुस्तकं तुम्ही आणताच. पण ती तुम्ही आणलेली असतात."

पुरोगामी म्हणवणाऱ्या नवऱ्याला जितके लागायला हवे तितके ते वाक्य मार्तंडरावांना लागले. इमारतीच्या कडेला अडगळीची एक खोली होती. तिचे दार गल्लीत उघडत असे आणि दारापुढे एक लोखंडी फाटक होते, गंजून मिटलेले. ही खोली बायकांना वाचायला द्यावी, येण्याजाण्याची वाट गल्लीतून असावी, अशी सूचना रुक्मिणीबाईंनी लिहून दिली आणि कार्यकारिणीने ती दरवर्षी तत्त्वतः मान्य केली. ‘तत्त्वतः मान्य’ या शब्दांचा अर्थ ज्याला कळला, त्याला या देशाचा इतिहास वेगळा शिकवावा लागत नाही. गेल्या माघात रुक्मिणीबाई वारल्या. मग दुखवट्याच्या सभेत, डोळे पुसता पुसता, सर्वांनी खोली एकमताने देऊन टाकली. जिवंत बाईला नाही म्हणणारी माणसे मेलेल्या बाईपुढे फार उदार होतात. दसऱ्याला खोली उघडायची असे ठरले. अडगळ निघाली, बाके आली, दोन कपाटे आली. राहिला होता तो रंग.

स्टेशनाजवळ वालजीभाईंचे रंगाचे दुकान होते. मार्तंडराव भाद्रपदाच्या अखेरीस, पाऊस ओसरताच, तिथे जाऊन उभे राहिले.

"बोला मास्तर. लाकूड के लोखंड?" वालजीभाईंचा प्रत्येक गिऱ्हाइकाला हाच पहिला प्रश्न असे.

"दोन्ही. दार सागाचं, फाटक लोखंडी. वरचा रंग एकच हवा, तकतकीत. अस्तर मात्र दोघांना वेगवेगळं."

"अस्तर कोण मारतो हल्ली? दोन हात वरचा रंग मारा ने, झकास दिसेल."

"दिसेल. पहिल्या पावसापर्यंत."

वालजीभाईंनी रंगांच्या नमुन्यांचे कार्ड पुढे सरकवले. मार्तंडरावांनी ते चष्मा कपाळावर चढवून, एखादा ताम्रपट वाचावा तसे वाचले आणि बाटलीसारख्या गर्द हिरव्या रंगावर बोट ठेवले. चकाकीचा त्यांचा आग्रह शोभेसाठी नव्हता. गल्लीच्या तोंडाशी एखादी बाई थबकेल, आत जावे की परत फिरावे अशा विचारात उभी राहील; त्या क्षणी तिला लांबूनच दिसायला हवे होते की हे दार नुकतेच, खास रंगवले गेले आहे आणि ते कोणाची तरी वाट पाहते आहे. लोखंडाच्या अस्तरासाठी त्यांनी शेंदूर घेतला आणि जवसाचे उकळलेले तेल घेतले. शेंदूर म्हणजे शिशाचे भस्म. गंजाला त्याच्यासारखा उतारा नाही. आगबोटींपासून पुलांपर्यंत सगळे लोखंड आधी त्यानेच माखतात, आणि मग वर हवा तो रंग चढवतात.

रंगारी म्हणून लवू आला. वेंगुर्ल्याकडचा, वडिलांच्या पिढीपासून गिरणगावात राहिलेला; गिरणी सुटल्यावर त्याने ब्रश हाती धरला होता. फाटकापाशी येऊन त्याने आधी आकाशाकडे पाहिले, मग मार्तंडरावांकडे.

"काका, पितृपक्ष लागलो. नव्या कामाक हात लावचो नाय."

"पितरांना रंगाचा वास सोसतो. हवा कोरडी आहे. लाव हात."

दाराचे काम सरळ होते. काचकागदाने घासायचे, पांढरे अस्तर द्यायचे, खाचांत लांबी भरायची, पुन्हा घासायचे. फाटकापाशी अडचण आली. त्याची कडी ज्या कोयंड्यात अडकत असे, तो कोयंडा शेजारच्या जुन्या हातपंपाला ठोकलेला होता. पंप युद्धाच्या काळात बसवलेला. त्याचे पाणी केव्हाच आटले होते आणि दांडा कोणीतरी भंगारात विकला होता. उरले होते ते कमरेइतके बुटके धड, त्यावर घुमटासारखे डोके आणि पुढे आलेली तोटी. फाटक रंगवायचे आणि त्याला खेटून उभा असलेला पंप गंजका ठेवायचा, हे मार्तंडरावांच्या शिस्तीत बसेना. त्यांनी पंपही तारेच्या ब्रशाने घासून घेतला.

"आता थेट हिरवो मारूया," लवू घाम पुशीत म्हणाला. "सांजेक काम खलास."

"आधी शेंदूर. मग तीन-चार दिवस कडकडीत वाळू द्यायचा. मग हिरवा."

"फाटकाक ठीक आसा. पण ह्या मरणाच्या पंपाक अस्तर कित्याक? ह्यो काय देव आसा?"

"देव असता तर अस्तराशिवाय भागलं असतं," मार्तंडराव म्हणाले. "देवाचा गंज कोणी बघत नाही. हा पंप आहे. नीट लाव."

लवूने नीट लावला. शुक्रवारच्या संध्याकाळी फाटक आणि पंप दोन्ही केशरी-लाल होऊन उभे होते. मार्तंडरावांनी बोटाच्या टोकाने थर तपासला, समाधानाने मान हलवली आणि ते घरी गेले. इतक्या वर्षांच्या वाचनात त्यांनी देव कसे जन्मतात यावर किती ग्रंथ चाळले असतील, त्याची गणती नव्हती. त्यांतल्या एकाही ग्रंथकाराने, शुक्रवारच्या संध्याकाळी एखाद्या बुटक्या वस्तूला शेंदूर फासून ती गल्लीच्या कोपऱ्यावर एकटी सोडू नये, अशी साधी सूचना दिलेली नव्हती.

शनिवारी सकाळी पंपाच्या गळ्यात रुईच्या पानांची माळ होती. डोक्यावर तेल ओतलेले होते आणि ते तोटीवरून ओघळत खाली फुटलेल्या नारळाच्या करवंटीत थेंबथेंब पडत होते. व्हरांड्यातले पुरुष पेपर घड्या करून काखेत धरून, चपला काढून रांगेने उभे होते. मार्तंडरावांच्या मनात पहिला विचार आला तो असा, की तेलकट पृष्ठभागावर रंग धरत नाही. हे सगळे सोड्याने धुवून काढावे लागेल. दुसरा विचार यायला थोडा वेळ लागला.

लवू काम करायला म्हणून आला. त्याने पंप पाहिला, डबा खाली ठेवला आणि हात जोडले. "बा देवा म्हाराजा, मिया तुका तारेच्या ब्रशान घासलंय, ता मनात धरू नको रे म्हाराजा..."

"अरे, काल तूच रंगवलास ना तो?" मार्तंडराव म्हणाले.

"काल तो पंप होतो, काका."

लवूने दाराला दोन हात दिले, आणि अस्तर कडकडीत वाळल्यावर फाटकाला दोन हात दिले. दोन्ही आरशासारखी चमकू लागली. पंपाला मात्र त्याने ब्रश लावला नाही, मार्तंडरावांनी हुकूम केला तरी लावला नाही आणि आवाज चढवला तरी लावला नाही.

आठवड्याभरात देवाने संसार मांडला. एक समई आली, एक घंटा आली. पण देव कोणता यावर गावात दोन तट पडले. व्हरांड्यातल्या मंडळींच्या मते तो मारुती होता: शनिवारी प्रकटला, शेंदरी आहे, तोंड पुढे आलेले आहे, आणि गेलेला दांडा म्हणजे गदाच. दुसऱ्यांच्या मते तो गणपती होता: पुढे आलेले ते तोंड कसले, ती सोंड. पंपाच्या पायाशी, शेंदराखाली, ओतीव इंग्रजी अक्षरात कारखान्याचे नाव होते. मार्तंडरावांनी ते दिघ्यांना काठीच्या टोकाने दाखवले.

दिघे वाकले, निरखून पाहिले आणि हसले. "बीजाक्षरं असतील."

"इंग्रजीत?"

"मार्तंडराव, देवाला सगळ्या भाषा येतात. तुमच्यासारख्या विद्वानानं इतका संकुचित विचार करावा?"

आपल्याला संताप येत नाही, थंडी वाजते, हे मार्तंडरावांच्या अलीकडेच ध्यानात आले होते. ते घरी जाऊन शाल पांघरून बसले. खोलीची किल्ली समोर टेबलावर होती. दसरा तोंडावर आला होता, आणि कार्यकारिणीची सभा त्याच्या आदल्याच दिवशी. कार्यक्रमपत्रिकेतला एकमेव विषय होता: श्रींच्या स्थानाशेजारील खोलीचा विनियोग. मारुती-पक्षाला ती भजनी मंडळासाठी हवी होती.

दुपारी शुभा आली. समोरच्या इमारतीतली सून. मॅट्रिकला बसण्याआधीच तिचे लग्न झाले होते. रुक्मिणीबाई होत्या तोवर ती निवडणे-टिपणे घेऊन त्यांच्याकडे येऊन बसे आणि तांदळाच्या ताटाखाली पुस्तक ठेवून वाचत असे. ते दार रुक्मिणीबाईंनी कोणासाठी मागितले, हे विचारायची मार्तंडरावांना कधी गरज पडली नव्हती.

"काका, उद्या सभेत काय सांगणार तुम्ही?"

"खरं ते सांगणार. तो हातपंप आहे. वर हिरवा रंग मारायचा आणि विषय संपवायचा."

"नका ना मारू रंग."

मार्तंडरावांनी चष्मा काढला. "तूही?"

"ऐकून तर घ्या. मंगळवारी मी फाटकापर्यंत जाऊन आले. सासूबाईंनीच पाठवलं, दूर्वा देऊन. लग्न झाल्यापासून एकटी पहिल्यांदा घराबाहेर पडले मी! कोणी विचारलं नाही कुठं चाललीस. व्हरांड्यातल्या एकानं पेपर खाली करून बघितलं नाही. देवाला चाललेल्या बाईकडे कोण बघतं?" तिने आवाज उतरवला. "दाराच्या फटीतून कपाटं दिसली. काकूंनी लावली असती तशीच लावलीयेत तुम्ही."

"म्हणजे वाचायचं तर आधी पंपाच्या पाया पडायचं?"

"मग काय करू? पंपाशी खोटं बोलले तर पंपाला राग येत नाही. सासूबाईंना येतो."

शुभा दाराशी जाऊन पुन्हा वळली.

"पण मारुती ठरला ना काका, तर आमचं आटोपलं. मारुतीला बायकांनी शिवायचं नसतं, लांबून नमस्कार. त्यात शेजारी भजनाचे पुरुष. सासूबाई तिकडे फिरकू देणार नाहीत. गणपती म्हणा. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील, तुम्ही पंडित आहात."

"पंडित आहे म्हणूनच मला ते म्हणता येणार नाही."

"बरं," ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. नकार ऐकण्याची तिला रुक्मिणीबाईंइतकीच सवय झाली असावी.

सभेला कधी नव्हे ती सगळी कार्यकारिणी हजर होती. ग्रंथखरेदीच्या सभेला गणसंख्येअभावी तीनदा तहकुबीची वेळ आलेल्या या माणसांना आज बसायला खुर्च्या पुरेनात. मार्तंडरावांच्या खिशात काचकागदाचा तुकडा होता. आधी हातपंपाचा इतिहास सांगायचा, मग सर्वांना बाहेर नेऊन पायाशी घासून कारखान्याचे नाव दाखवायचे, असा त्यांचा बेत होता. मारुती-पक्ष बोलला, गणपती-पक्ष बोलला. गदेवरून आणि सोंडेवरून आवाज चढले. शेवटी दिघ्यांनी टेबलावर टिचकी मारली.

"आपल्यात एक जाणकार बसलाय आणि आपण भांडतोय. मार्तंडराव, तुम्ही सांगाल ते प्रमाण. मूर्ती कोणाची?"

मार्तंडराव उभे राहिले आणि त्यांनी समोरच्या चेहऱ्यांकडे पाहिले. ‘पंप’ हा शब्द त्यांच्या जिभेवर तयार होता. तो उच्चारला की काय होईल, हेही त्यांना लख्ख दिसले. कोणी रागावणार नाही. लोक मान डोलावतील, विद्वान माणूस आहे, पत्नी गेल्यापासून जरा असेच चाललेय असे म्हणतील, आणि शनिवारी तेल ओततील. खरे बोलण्याची मुभा त्यांना पूर्ण होती. खऱ्याचा उपयोग तेवढा बाद झालेला होता. या खोलीत आज निवड होती ती दोन खोट्यांतली. एका खोट्याने रुक्मिणीचे दार बंद होत होते, दुसऱ्याने किलकिले राहत होते. यापेक्षा अधिक मोकळी निवड आपल्या अभ्यासातल्या कोणाच्या वाट्याला आली होती, हे त्यांना चटकन आठवेना.

"गणपती," ते म्हणाले.

गणपती-पक्षाने टाळ्या वाजवल्या. मार्तंडरावांनी हात वर करून त्या थांबवल्या, आणि मग आयुष्यात शिकलेले सगळे मूर्तिशास्त्र त्या दांडा तुटलेल्या लोखंडावर रिते केले. शुंडा सरळ, गंडस्थळ घुमटाकार, आसन भूमीत रुतलेले, आयुधे लुप्त. आवाज चढला नाही, शब्द अडला नाही. असे निर्दोष व्याख्यान त्यांनी महाविद्यालयात कधी दिले नव्हते.

"आणि गणेश ही विद्येची देवता," ते शेवटी म्हणाले. "तिच्या डाव्या हाताची जागा ग्रंथांनाच द्यावी, असं वचन आहे. तिथं टाळमृदंग वाजवले तर दोष लागतो. स्त्रियांनी दर्शन घेऊन तिथं घटकाभर ग्रंथ वाचावा, हे विशेष फलदायी."

"वचन कुठलं?" मारुती-पक्षातल्या एकाने क्षीण आवाजात विचारले.

"मूळ ग्रंथ माझ्याकडे आहे. संस्कृत आहे. केव्हाही या वाचायला."

कोणी गेले नाही. मार्तंडरावांना तेवढी खात्री होती. त्या एका बाबतीत समाजाने त्यांना कधीच दगा दिला नव्हता. घरी परतल्यावर त्यांनी खिशातला काचकागद काढून टेबलावर ठेवला. तो कोरा होता.

दसऱ्याला खोली उघडली. पहिल्या मंगळवारी एकटी शुभा आत बसली. मग गल्लीतली कुंदा आली; मग दोघी कोणी, हातात तबक, तबकावर रुमाल, रुमालाखाली परत करायचे पुस्तक. फाटकाचा हिरवा रंग लांबून चमके, त्याच्याशेजारी केशरी देव. बायका देवासमोर एक घंटा वाजवीत आणि आत जात. मार्तंडराव पुढच्या टेबलाशी बसून नोंदी करीत आणि घंटा ऐकीत. प्रत्येक घंटेला आपले एक पान कोणीतरी फाडून नेत आहे असे त्यांना वाटे. आणि प्रत्येक घंटा वाजावी असेही वाटे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी वाटण्याने माणूस फार थकतो. डॉक्टरांनी त्याला रक्तदाब म्हटले.

शेंदूर हे अस्तर आहे. उघड्यावर टिकण्यासाठी ते जन्माला आलेले नाही. वर तकतकीत रंगाचा थर नसेल तर उन्हापावसात ते पांढुरके पडते. एक पावसाळा गेला आणि देवाच्या अंगावर राख फासल्यासारखी कळा आली. गावात कुजबुज सुरू झाली. देव कोपला. देव कोणामुळे कोपला? मारुती-पक्षाला कारण तयारच होते: बायकांची वर्दळ. दिघे हसत हसत मार्तंडरावांकडे आले. "तुम्हीच ओळख पटवलीत, आता उपायही तुम्हीच सांगा. नाहीतर मंडळी पुन्हा खोलीचा विषय काढतायत."

लवू म्हणाला, "देवाक ब्रश? माका जमाचा नाय, काका. होया तर नारळ देतंय."

तेव्हा मार्तंडराव काठी टेकीत वालजीभाईंच्या दुकानात गेले.

"बोला मास्तर. लाकूड के लोखंड?"

"लोखंड," मार्तंडराव म्हणाले. वर्षभरात उघडपणे उच्चारलेले हे त्यांचे पहिले खरे विधान होते. ते वालजीभाईंच्या दुकानात व्हावे आणि कोणाच्याही लक्षात येऊ नये, यात काही वावगे नव्हते.

त्यांनी नमुन्यांचे कार्ड मागून घेतले आणि शेंदराला सर्वांत जवळचा लाल निवडला.

"झटपट वाळणारा नवा माल आलाय," वालजीभाई म्हणाले. "सकाळी मारा, दुपारी हात लावा."

"नको. चकाकी भरपूर असलेला, आणि वाळायला सगळ्यात सावकाश, असा द्या."

"सावकाश? मास्तर, पंचवीस वरस झाली दुकानाला, असं मागणारा तुम्ही पहिला."

संकष्टीच्या दुपारी, व्हरांड्यातले पुरुष जेवून लवंडलेले असताना, मार्तंडराव धोतर खोचून पंपासमोर पाटावर बसले. धुण्याच्या सोड्याने त्यांनी वर्षाचे तेल धुतले, टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसले, काचकागदाने हलका हात फिरवला. कारखान्याचे नाव क्षणभर स्पष्ट उमटले. त्यांनी ते वाचले आणि त्यावर पहिला हात दिला. पातळ, एकसारखा, वरून खाली. लोखंड एवढे गुळगुळीत घासले गेले होते की थरात एकही ओघळ आला नाही. चांगले काम करण्याची सवय माणसाला कुठे नेऊन सोडील, याचा नेम नाही.

सावली फाटकापर्यंत आली तेव्हा शुभाच्या सासूबाई, सुलक्षणाबाई, दूर्वांची जुडी घेऊन आल्या. त्या स्वतः क्वचितच येत. समोरचे तेज पाहून त्यांचा हात आपोआप पुढे झाला.

"थांबा!" मार्तंडराव म्हणाले. "ओला आहे. दूर्वा चिकटतील."

"अगं बाई! मग केव्हा वाहू? वाहिल्याशिवाय उपास कसा सोडायचा?"

"वाळू द्यावं लागेल. तोवर आत बसा. बाक आहे."

सुलक्षणाबाईंनी हिरव्या दारातून आत डोकावले. आत चौघी होत्या. त्यांतली एक शुभा होती, आणि तिच्या हातात, ताटाखाली नव्हे, उघड्यावर, पुस्तक होते. ती उठून उभी राहिली. बाहेर मार्तंडरावांच्या हातातला ब्रश थांबला. वर्षभराचे खोटे आता पुरे पडते की नाही, हे एका म्हाताऱ्या बाईच्या तोंडून कळायचे होते.

"इथं येतेस होय तू?" सुलक्षणाबाई म्हणाल्या.

सुलक्षणाबाईंनी खोलीभर पाहिले, बाकाची धूळ पदराने झटकली आणि गुडघ्यांवर हात देत त्या खाली टेकल्या.

"उभी का? बस. काय आहे त्यात?"

"प्रवासाचं आहे," शुभा कशीबशी म्हणाली. "एक माणूस पायी हिमालयात जातो."

"यात्रेला?"

शुभा अडखळली. "नाही. नुसताच."

"नुसताच?" सुलक्षणाबाईंना ते नवलाचे वाटले असावे. "मला कुठलं वाचता येतंय. मोठ्यानं वाच. देव वाळेस्तोवर बसायचंच आहे."

शुभा वाचू लागली. पहिली काही वाक्ये तिचा आवाज कापत होता. मग ती त्या माणसाबरोबर चढण चढू लागली. व्हरांड्यात कोणीतरी जागा होऊन जांभई दिली. मार्तंडराव पाटावर तसेच बसून होते. पाठ भरून आली होती, बोटांना रंग लागला होता. तोटीच्या टोकापाशी थर घट्ट होऊ लागला होता. घटकाभरात दूर्वा वाहता आल्या असत्या.

शुभा थांबली. प्रकरण संपले असावे.

"मग?" आतून सुलक्षणाबाईंचा आवाज आला. "पुढं गेला का तो?"

पहिला हात पुरता वाळल्याशिवाय दुसरा देऊ नये, हा नियम मार्तंडरावांनी आजवर कोणालाही मोडू दिला नव्हता. त्यांनी वाळत आलेल्या पंपाकडे एकदा पाहिले, आणि ब्रश पुन्हा रंगात बुडवला.